55 लाखांची बेरीज आणि एक चेक: कोल्हापुरातल्या दोन हंगामांच्या बास्केटबॉल लीगचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका क्रीडा मंडळानं व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू केली. दुसऱ्या हंगामात ठरलेल्या 31 सामन्यांऐवजी 19 खेळवून ती बंद केली. ते कसं घडलं याची ही नोंद आहे. मंडळ, संघ आणि प्रायोजक यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापूर हे फुटबॉलचं गाव. डिसेंबरपासून शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरले की पेठापेठांत दुसरा विषय नसतो. बास्केटबॉल शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आणि काही मंडळांच्या सिमेंट कोर्टावर टिकून आहे. खेळणारे आहेत, पण तिकीट काढून बघणारे नाहीत. या मंडळाकडे 28 बाय 15 मीटरचं पूर्ण मापाचं कोर्ट होतं आणि दरवर्षीची बाद पद्धतीची स्पर्धा होती. तीन-चारशे प्रेक्षक हमखास यायचे, त्यात निम्मे खेळाडूंचे मित्र आणि घरचे.

देशात तेव्हा लीगचं वारं होतं. यूबीए ही आठ संघांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग 2015 साली सुरू झाली होती. मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे महाराष्ट्रातले दोन संघ तिच्यात होते. 2017 पर्यंत चार हंगाम खेळून ती थांबली. मंडळातल्या काहींनी यातून एवढंच घेतलं की मोठ्या शहरांची लीग महाग पडते, आपण एकाच कोर्टावर, एकाच गावात, कमी खर्चात करू. हा विचार चुकीचा नव्हता. पहिल्या हंगामानं तो खराही करून दाखवला.

पहिला हंगाम

सहा संघ. प्रत्येक मालकाकडून 3 लाख, सगळे आगाऊ. प्रत्येक संघात 12 खेळाडू, त्यातले चार बाहेरगावचे. साखळीचे 15, दोन उपांत्य आणि एक अंतिम असे 18 सामने. रोज संध्याकाळी दोन, नऊ दिवसांत सगळं आटोपलं. खेळाडूंच्या मानधनाला प्रत्येक संघामागे 2 लाख धरले होते, म्हणजे एकूण 12. मांडव, स्टँड, दिवे आणि कोर्टाची डागडुजी यांवर 5, बाहेरच्यांचा प्रवास आणि राहणं-जेवण 3, बक्षिसं 2. पंच, कपडे आणि थेट प्रक्षेपण यांवर प्रत्येकी दीड. खर्च साडेसव्वीस लाख. मालकांचे 18, मुख्य प्रायोजकाचे 8 आणि फलकांचे 2 मिळून जमा 28. दीड लाख शिल्लक राहिले.

या शिलकीचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: लीग चालते. खरं तर प्रायोजकाच्या 8 लाखांपैकी शेवटचे 3 लाख अंतिम सामन्यानंतर चार महिन्यांनी आले होते. तरीही कुणाचं काही अडलं नाही, कारण मालकांचे सगळे पैसे सुरुवातीलाच हातात होते. लीग त्या आगाऊ रकमेवर तरली होती. जमाखर्चाच्या पानावर तारखेचा रकाना नव्हता, त्यामुळे हे कुणाच्या नजरेत आलं नाही.

दुसऱ्या हंगामाचे निर्णय

पुढच्या वर्षी तीन निर्णय एकाच बैठकीत झाले. एकेकटा घेतला असता तर प्रत्येक निर्णय पेलला असता.

पहिला निर्णय संघ सहाचे आठ करण्याचा. साखळीचे सामने 15 वरून 28 झाले, आणि उपांत्य-अंतिम धरून 31. संघ दोनच वाढले, पण साखळी जवळपास दुप्पट झाली. नऊ दिवसांचा कार्यक्रम सहा आठवड्यांच्या शनिवार-रविवारवर गेला. भराभर वाढण्याची ही हौस जुनी आहे. अमेरिकेत 1947 साली प्रोफेशनल बास्केटबॉल लीग ऑफ अमेरिका 16 संघ घेऊन उतरली. जॉर्ज मायकनसारखा त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू तिच्याकडे होता, तरी ती महिनाभरही टिकली नाही.

दुसरा निर्णय लिलावाचा. मानधनाची मर्यादा संघामागे साडेतीन लाख, एकूण 28 लाख. लिलावाला रंगत यावी म्हणून मानधनाची हमी मंडळानं स्वतःकडे घेतली. मालकानं बोली लावायची आणि पैसे मंडळानं द्यायचे, अशी ही रचना. ज्याच्या खिशातून जात नाही, तो हात आखडता घेत नाही. आठही संघांनी मर्यादा गाठली.

तिसरा निर्णय हप्त्यांचा, आणि घात इथेच झाला. नवे मालक मिळावेत म्हणून 3 लाखांचे दोन हप्ते केले: दीड आधी, दीड ‘लीगचा निम्मा टप्पा झाल्यावर’. मुख्य प्रायोजक हा स्थानिक उद्योगसमूह होता. त्यानं 20 लाख कबूल केले, त्यातले 5 आधी आणि 15 अंतिम सामन्यानंतर.

कागदावर सगळं जुळत होतं. मालकांचे 24, प्रायोजकाचे 20, फलकांचे 5 आणि तिकिटांचे 6 मिळून 55. खर्चही 55: मानधन 28, कोर्ट-मांडव-दिवे 8, प्रवास आणि राहणं 7, घड्याळं आणि प्रक्षेपण 4, पंच 3, बक्षिसं 3, कपडे 2.

अडचण

हंगाम फेब्रुवारीत धरला होता, आणि पहिली कुरबुर मैदानावरच सुरू झाली. चार गुणिले दहा मिनिटांचा सामना. प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबतं, मधली विश्रांती 15 मिनिटांची. असा सामना पावणेदोन तास सहज घेतो. रोज तीन सामने लावले होते, 5 ला, पावणेसातला आणि साडेआठला. तिसरा सामना दहाच्या पुढे गेल्याशिवाय संपणं शक्यच नव्हतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणजे शेवटचा क्वार्टर समालोचनाविना. शिवाय साडेआठ-नऊनंतर कोर्टावर दव धरतं. रंग दिलेल्या सिमेंटवर ते डोळ्यांना दिसत नाही. ले-अपला, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन चेंडू टाकायला, झेपावलेला खेळाडू घसरला की कळतं. प्रत्येक टाइमआउटला चार पोरं गोणपाट आणि कोरडे मॉप घेऊन रिंगसमोरच्या फ्री-थ्रोच्या पट्ट्यात पळायची. पंचांनी दोन सामने पंधरा-वीस मिनिटं थांबवले. पहिल्या हंगामात दोनच सामने होते आणि साडेआठला सगळं संपायचं, म्हणून दव हा विषयच आला नव्हता.

त्यात आकर्षणाचा सामना शेवटी ठेवण्याची हौस. प्रायोजकाचे पाहुणे दहा वाजता अर्ध्या रिकाम्या स्टँडकडे बघत बसले. बारावीची परीक्षा तोंडावर आल्यानं स्थानिक संघांतली काही पोरं गायब झाली. लिलावात घेतलेल्या विभागीय खेळाडूंपैकी सहा जणांची खात्याची ना-हरकत वेळेत आली नाही. रेल्वे, पोलिस किंवा सैन्यदलात नोकरी असलेला खेळाडू खात्याच्या परवानगीशिवाय उतरत नाही आणि उतरवूही नये, प्रश्न त्याच्या नोकरीचा असतो. बोली आधी झाली होती, कागद नंतर मागितला होता. बदली खेळाडू आले ते घाईत आणि चढ्या दरानं.

तरीही लीग दवानं किंवा परीक्षेनं थांबली नसती. दुसऱ्या रविवारी रात्री खजिनदारानं पहिल्यांदा तारखेवार हिशेब मांडला. तोवर हातात आलेले: मालकांचे पहिले हप्ते 12, प्रायोजकाचे 5, फलकांचे 2 आणि तिकिटांचे 1, एकूण 20 लाख. तोवर देय झालेले: मानधनाचा 40 टक्क्यांचा पहिला टप्पा 11.2, कोर्ट-मांडव 6, प्रवास आणि राहणं 3, कपडे 2, घड्याळं आणि प्रक्षेपणाचा आगाऊ 2, पंच 1.2. एकूण 25.4 लाख.

मांडववाला, लॉज आणि बाकीचे पुरवठादार आधीच पैसे घेऊन गेले होते, कारण ते रोज दारात उभे असायचे. खेळाडूंना 11.2 पैकी 7 लाखच गेले. पंचांना काहीच नाही.

पुढचं गणित आणखी बोलकं होतं. अंतिम सामन्यापर्यंत अजून 29.6 लाख खर्च होता. त्याआधी येणारे, सगळं सुरळीत झालं तर, 20 लाख. म्हणजे 9.6 ची नवी तूट आणि आजची 5.4, बरोबर 15 लाख. प्रायोजकाचा शेवटचा चेकही 15 लाखांचाच. अख्खी लीग एका चेकवर उभी होती, आणि तो सगळ्यांचं देऊन झाल्यावर येणार होता.

एका खिशावर चाललेल्या लीगचं याहून मोठं उदाहरण अमेरिकेतल्या वर्ल्ड बास्केटबॉल लीगचं. 1988 साली ती सुरू झाली तेव्हा तिचा नियम होता की सहा फूट पाच इंचांपेक्षा उंच खेळाडू नको. वेगवान खेळ होता आणि लहान शहरांत प्रेक्षकही येत होते. पण पैसा मुख्यतः मिकी मोनस या एका माणसाकडून यायचा, आणि तो त्यानं फार-मोर या आपल्या औषधदुकानांच्या साखळीतून बेकायदा वळवलेला होता. सुमारे एक कोटी डॉलर. ते उघड झालं आणि 1 ऑगस्ट 1992 रोजी ऐन हंगामात लीग बंद पडली. कोल्हापूरच्या प्रकरणात लबाडी कुणाचीच नव्हती. प्रायोजक सचोटीचा होता. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचीच येणी अडकलेली होती.

तिसऱ्या शनिवारी पाच वाजता दोन संघांचे बाहेरगावचे खेळाडू कपडे करून बाकावर बसले आणि उठले नाहीत. त्या दिवसाचे तिन्ही सामने रद्द झाले.

तोललेले पर्याय

त्याच रात्री बैठक झाली आणि ती दोनपर्यंत चालली. चार गोष्टी टेबलावर होत्या.

पतसंस्थेतून दोन पदाधिकाऱ्यांच्या जामिनावर 6 लाख उचलायचे आणि वेळापत्रक तसंच रेटायचं, हा सगळ्यात सोपा आणि म्हणून सगळ्यात आवडता पर्याय. खजिनदारानं 15 लाखांचा हिशेब पुढे ठेवला तेव्हा दिसलं की हे कर्ज दोन आठवड्यांपुरतंच आहे, त्यानंतर दुसरं लागेल. जामीनदारांची घरं त्यात अडकली असती.

बाहेरच्या 32 जणांना परत पाठवून स्थानिकांवर लीग पुरी करायची, हा दुसरा. प्रवास आणि राहण्याचा खर्च वाचला असता, पण मानधनाची हमी मंडळाची होती, ती चुकली नसती. शिवाय ज्यांच्यासाठी तिकीट लावलं तेच नसते.

तिसरा पर्याय होता तिथल्या तिथे थांबण्याचा. अमेरिकेतल्या महिलांच्या अमेरिकन बास्केटबॉल लीगनं 22 डिसेंबर 1998 रोजी तेच केलं, तिसऱ्या हंगामाच्या मध्यात. तिथे सगळे संघ लीगच्याच मालकीचे होते, त्यामुळे एका सहीत सगळं थांबलं. इथे आठ वेगळे मालक होते. सामने थांबले असते तर दुसरा हप्ता कुणीच दिला नसता.

चौथा पर्याय हंगाम छोटा करण्याचा. प्रत्येक संघाचे तीन सामने झालेले होते. चौथी फेरी खेळवायची, पहिल्या चार संघांचे उपांत्य सामने लावायचे, अंतिम सामना करायचा आणि मानधन प्रमाणात कमी करायचं. याला खेळाडूंची संमती लागणार होती, आणि ती फक्त तोंडी आश्वासनावर मिळणार नव्हती.

काय केलं

चौथा पर्याय निवडला. रविवारी सकाळी प्रत्येक संघाच्या कर्णधाराला वहीतला हिशेब जसाच्या तसा दाखवला. ही या प्रकरणातली सगळ्यात चांगली चाल होती आणि ती दोन आठवडे आधी व्हायला हवी होती. मानधन 60 टक्क्यांवर, म्हणजे 28 ऐवजी 16.8 लाखांवर ठरलं. बाहेरच्यांचा पूर्ण हिशेब त्यांचा संघ बाद होईल त्याच रात्री, स्थानिकांचा तीन हप्त्यांत. ठरलेलं लगेच लिहून 96 जणांच्या सह्या घेतल्या.

नव्या जोड्या लावायच्या नाहीत, मूळ वेळापत्रकातली चौथी फेरीच खेळवायची, हेही ठरलं. त्यामुळे पक्षपाताचा आरोप टळला. चार सामने दोन संध्याकाळी, पुढच्या शनिवारी उपांत्य, रविवारी अंतिम. रोज दोनच सामने, साडेआठच्या आत. दवाचा प्रश्न आपोआप मिटला. चौथ्या स्थानासाठी दोन संघांचे दोन-दोन विजय झाले होते आणि ते एकमेकांशी खेळलेच नव्हते, म्हणून गुणफरक पाहावा लागला. बाहेर पडलेल्या संघाची तक्रार रास्त होती, त्याला वरचे तीन संघ वाट्याला आले होते. अर्ध्यावर कापलेल्या साखळीत हे होणारच.

मालकांकडे दुसरा हप्ता लवकर मागितला. पाच जणांनी दिला, साडेसात लाख आले. त्यातून आधी पंचांचं थकलेलं आणि बाहेरच्या खेळाडूंचं देणं भागवलं. उरलेल्या तिघांनी करारनामा पुढे केला. पाचशेच्या मुद्रांकावर लिहिलं होतं, ‘लीगचा निम्मा टप्पा झाल्यावर’. त्यांचं म्हणणं, निम्मा टप्पा म्हणजे 31 चा निम्मा, सोळावा सामना. तो ठरलेल्या स्वरूपात झालाच नाही, आणि लीग छोटी केली ती मंडळानं. मंडळाचं म्हणणं, आता लीग 19 ची, दहावा सामना केव्हाच झाला. वकिलानं दोन्ही वाचून सांगितलं की भांडता येईल, पण दीड-दीड लाखासाठी भांडण परवडणार नाही. मंडळानं सोडून दिलं.

करारातल्या एका ओळीची किंमत किती होऊ शकते, हे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनच्या शेवटात दिसतं. 1976 साली ती लीग मिटली आणि तिचे चार संघ एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये गेले. स्पिरिट्स ऑफ सेंट लुईस हा संघ घेतला गेला नाही. त्याच्या मालकांनी, सिल्ना बंधूंनी, 22 लाख डॉलर घेतले आणि शिवाय त्या चार संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातला सातवा हिस्सा कायमचा लिहून घेतला. मुदत नावाची गोष्टच त्यात नव्हती. 2014 साली त्यातून सुटायला सुमारे 50 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

परिणाम

प्रायोजकानं 15 ऐवजी 4 लाख दिले. त्याची अट 31 सामन्यांची होती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. शेवटचा हिशेब असा: जमा 33.1 लाख (मालकांचे 19.5, प्रायोजकाचे 9, फलकांचे 3, तिकिटांचे 1.6), खर्च 35.6. तूट अडीच लाख. पहिल्या हंगामाची दीड लाखाची शिल्लक त्यात गेली आणि एक लाख मंडळाच्या गंगाजळीतून आले.

31 सामन्यांची लीग कोसळली आणि नुकसान अडीच लाखांचं, हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटतं. एवढ्या रकमेसाठी कुठलंही जुनं मंडळ बंद पडत नाही. पण तिसऱ्या हंगामाची विचारणा झाली तेव्हा आठपैकी दोनच मालक तयार होते. बाहेरच्या खेळाडूंनी पूर्ण मानधन आधी मागितलं. स्थानिकांचा शेवटचा हप्ता गणेशोत्सवाच्या तोंडावर मिळाला. पैसे मिळाले, पण आपल्याच पेठेतल्या पोरांना मागे ठेवून पाहुण्यांना आधी दिलं, हा राग राहिला. निर्णय म्हणून तो बरोबर होता, परगावचा माणूस थकबाकीसाठी कोल्हापूरला खेटे कसा घालणार? पण स्थानिकांना तारखा त्याच दिवशी लेखी दिल्या असत्या तर राग निम्मा झाला असता. त्यांना ‘तीन हप्त्यांत’ एवढंच लिहून दिलं होतं. म्हणजे करारनाम्यातली चूक तडजोडीच्या कागदावर पुन्हा झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट सहा संघांवर थांबण्याची. सामने वाढवायचेच असतील तर तेच सहा संघ दुहेरी साखळीत खेळवता आले असते, 30 सामने झाले असते आणि मानधन, कपडे, राहणं सहा संघांचंच राहिलं असतं. संघ वाढवले की खर्च आधी वाढतो, प्रेक्षक मागाहून आले तर येतात.

दुसरी, मानधनाची हमी मालकाकडेच ठेवायची आणि लिलावाआधी प्रत्येक मालकाकडून पूर्ण मानधनाची रक्कम वेगळ्या बँक खात्यात घ्यायची. खात्यावर दोन सह्या, मंडळाची एक आणि मालकांच्या प्रतिनिधीची एक. मांडववाल्याचं बिल या खात्यातून कधीच जाणार नाही. मानधन सामन्यागणिक ठरवलं तर हंगाम कापावा लागला तरी टक्क्यांची घासाघीस उरत नाही: चार सामने खेळला, चारांचे घे. ठरावीक मर्यादेवर 10 टक्के टीडीएस कापावा लागतो, त्यात खेळाडू आणि पंच दोघंही येतात. या मंडळानं तो मानधनाच्या आकड्यात धरलाच नव्हता आणि शेवटी हातात कमी पडल्याची तक्रार ऐकली.

तिसरी, हप्त्याला तारीख. ‘निम्मा टप्पा’, ‘हंगाम संपल्यावर’ यांऐवजी महिना आणि दिवस. प्रायोजकाचे निदान 70 टक्के पहिल्या सामन्याआधी यायला हवेत. नाही आले तर बजेट 55 चं नसून 40 चं आहे असं धरून संघ, मानधन आणि सामने त्यात बसवायचे. मोठा प्रायोजक हातचा जाईल ही भीती बैठकीत बोलली गेली होती. तो तसाही शेवटी 9 लाखांचाच निघाला.

चौथी, ना-हरकत हातात असल्याशिवाय विभागीय खेळाडूचं नाव लिलावाच्या यादीत घालायचं नाही. खात्याकडे अर्ज किमान दोन महिने आधी. आणि हंगाम बारावीच्या परीक्षेपासून लांब: दिवाळीनंतरचे तीन आठवडे किंवा मेचा पहिला पंधरवडा. मेमध्ये दव नाही, वळवाचा पाऊस मात्र येतो, म्हणून दोन राखीव दिवस आणि कोर्टभर ताडपत्री.

बैठकीत न आलेला एक पर्याय तीन-बाय-तीनचा होता. 15 बाय 11 मीटरचं अर्धं कोर्ट, एक रिंग, संघात चार खेळाडू, 12 सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात चेंडू रिंगकडे मारायलाच लावणारं घड्याळ), सामना 10 मिनिटांचा किंवा 21 गुणांचा. आठ संघांचे 32 खेळाडू, म्हणजे दुसऱ्या हंगामात फक्त बाहेरगावचे होते तेवढेच. साखळीचे 28 सामने एका शनिवार-रविवारात बसतात, तेही दव पडायच्या आत. मंडळानं त्या हंगामासाठी घेतलेली दोन शॉट क्लॉक अजून चालू आहेत. 12 सेकंदांना लावायला त्यांत फक्त सेटिंग बदलावं लागतं.